मताआधीची यादी

एका मताने काय होते, असे मला जयपुरात अनेकजण विचारतात. मी नाथद्वाऱ्याचा दाखला देतो. राजस्थान विधानसभेच्या २००८च्या निवडणुकीत सी. पी. जोशी तेथे ६२,२१५ मते मिळवूनही एका मताने पराभूत झाले.

परंतु मत गमावले जाते ते बहुधा मतदानाच्या दिवशी नव्हे, त्याआधी, मतदार यादीत. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत देशातील सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे वगळावी लागली. ‘अमक्याची पत्नी’ एवढीच त्यांची नोंद होती. त्यांत राजस्थानातील स्त्रियाही होत्या. आज सासरी आलेल्या सुनेचे नाव माहेरच्याच यादीत राहते. हातात ओळखपत्र असले, तरी यादीत नाव नसल्यास मतदान करता येत नाही.

नव्या मतदाराने नमुना ६, पत्ता बदललेल्याने नमुना ८ भरावा. जानेवारी, एप्रिल, जुलै व ऑक्टोबरची पहिली तारीख आता अर्हता दिनांक आहे. उमेदवारी अर्जांची मुदत संपल्यावर मात्र नवे नाव घेता येत नाही.

यादी करणे हे निवडणूक आयोगाचे कर्तव्य. ती वेळेत तपासणे आपले.