नवा घोडा आणि पहिले पंधरा दिवस

मुंबईतील शिवडी आज गोदीमुळे आणि खाडीत उतरणाऱ्या रोहित पक्ष्यांमुळे ओळखली जाते. एकोणिसाव्या शतकात त्याच शिवडीत शेती व बागाईत संस्थेची बाग होती, आणि १८६५ साली ती जागा दफनभूमीसाठी घेतली गेली, हे मात्र पुष्कळांस ठाऊक नसते. बाग गेली, परंतु शिवडीला लागूनच असलेल्या परळ येथे १८८६ मध्ये स्थापन झालेले पशुवैद्यकीय महाविद्यालय आजही चालू आहे, आणि हाफकिन संस्थाही तेथेच आहे. या परिसराचा आणि घोड्याचा संबंध जुना आहे. सर्पदंशावर टोचावयाचे प्रतिविष घोड्याच्या रक्तापासून तयार करतात, आणि हे काम करणाऱ्या संस्थांना वरचेवर घोडे विकत घ्यावे लागतात. नवा घोडा आला की अशा संस्थांत त्यास प्रथम इतर घोड्यांपासून अलग ठेवतात. त्याची तपासणी होते, त्यास धनुर्वातावरील लस दिली जाते, आणि काही आठवडे लोटल्यावाचून त्यास कामाला लावीत नाहीत.

खेड्यात याच्या नेमके उलट घडते. मार्गशीर्षात तापीकाठी सारंगखेड्याला दत्ताची यात्रा भरते; त्याच महिन्याच्या अखेरीस नांदेड जिल्ह्यात माळेगावी खंडोबाची यात्रा भरते. दोन्हीकडे घोड्यांची मोठी खरेदी-विक्री होते. राजस्थान-पंजाबकडून आलेला घोडा तेथे हातोहात खपतो, रात्रभर टेंपोत उभा राहून दोन-तीनशे किलोमीटर प्रवास करतो, आणि सकाळी गावात उतरताच त्याच्या पाठीवर खोगीर चढते. सारे गाव पाहावयास जमते. मालकाचा तरुण मुलगा वेशीपर्यंत दौड करून दाखवितो. याच सकाळी अनेक चांगले घोडे बिघडतात आणि काही मुलांचे हातपायही मोडतात. नंतर दोष घोड्याला दिला जातो. तो ‘खोडीचा निघाला’ म्हणून पुढच्या बाजारात उणे पैसे घेऊन विकला जातो.

शेतकऱ्याला ही गोष्ट समजावून देणे वस्तुतः अवघड नाही. रोपवाटिकेतून आणलेले आंब्याचे कलम तो भर उन्हात उघड्यावर लावीत नाही. चार दिवस सावलीत ठेवतो. बाजारातून आणलेल्या बैलाच्या पायांवर घरची बाई पाणी घालते, त्यास ओवाळते आणि मगच तो गोठ्यात जातो; त्याच पावली त्यास नांगराला कोणी जुंपीत नाही. घोड्याच्याच बाबतीत ही समज सुटते, याचे कारण हौस. बैल कामासाठी घेतला जातो, घोडा बहुधा मिरविण्यासाठी. आणि मिरविण्याला धीर नसतो.

पहिला धोका पोटाचा आहे. घोड्याचे जठर त्याच्या देहाच्या मानाने लहान असते आणि त्यास वांती करता येत नाही. चाऱ्याचे पचन मुख्यतः मागील मोठ्या आतड्यात, तेथील सूक्ष्म जंतूंच्या साहाय्याने होते, आणि हे जंतू ज्या चाऱ्यावर पोसलेले असतात तो एका दिवसात बदलला तर पचन कोलमडते. आनंदाच्या भरात नव्या घोड्यापुढे भिजविलेल्या हरभऱ्याचे भरगच्च तोबरे ठेवले जातात. परिणामी पोटशूळ उठतो, किंवा खुरांच्या आतील भागाचा दाह होऊन घोडा कायमचा अधू होतो. म्हणून पूर्वी घोडा काय खात होता हे विक्रेत्यास विचारावे. नवा चारा आरंभी एक चतुर्थांश द्यावा आणि आठ-दहा दिवसांत हळूहळू पूर्णावर आणावा. या काळात घोड्याला काम नसते, तेव्हा चंदी अगदी थोडी ठेवावी. साधारण ३०० किलो वजनाच्या घोड्यास दिवसाला पाच-सहा किलो स्वच्छ, कोरडी वैरण पुरते. धुळीचा वा बुरशी आलेला कडबा देऊ नये. पाणी २५ ते ३० लिटर लागते. नव्या जागेचे पाणी कित्येक घोडे प्रथम तोंडाला लावीत नाहीत. ते किती प्याला हे बादलीनेच मोजावे, हौदावर सोडून अंदाज बांधू नये. लीद दिवसातून आठ-दहा वेळा पडावी. ती थांबली, घोडा पायाने जमीन खोदू लागला, वळून वळून पोटाकडे पाहू लागला किंवा लोळू लागला, तर घरगुती काढ्यांत वेळ न दवडता पशुवैद्यकास बोलवावे.

दुसरा धोका रोगाचा. १९६० साली आफ्रिकी अश्वरोग भारतात शिरला तेव्हा असंख्य घोडे दगावले. २००८-०९ मध्ये घोड्यांच्या इन्फ्लुएंझाची साथ आली. ग्लँडर्स हा रोग तर घोड्यापासून माणसालाही होतो आणि प्राणघातक ठरू शकतो. नाकातून चिकट पिवळट स्राव, अंगावर गाठी व फुटणारे व्रण अशी लक्षणे दिसल्यास ते कळविणे २००९ च्या कायद्याने बंधनकारक आहे. पहिले दोन-तीन आठवडे नवा घोडा गावातील इतर घोड्यांपासून दूर बांधावा व त्याची बादली, तोबरा, खरारा वेगळा असावा. रोज सकाळी ताप पाहावा. निरोगी घोड्याचे तापमान ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस असते. लांबच्या प्रवासात मान वर बांधून उभ्या राहिलेल्या घोड्याच्या फुप्फुसांना सूज येण्याचा संभव असतो, आणि ती दोन-तीन दिवसांनी उघड होते, म्हणजे नेमकी दौडीच्या हौसेच्या दिवसांत.

तिसरी गोष्ट मनाची. घोडा कळपात राहणारा व भिऊन पळणारा प्राणी आहे. जून २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शहरातील घोडागाड्या बेकायदेशीर ठरविल्या. व्हिक्टोरियाला जुंपला जाणारा असा एखादा घोडा पुढे खेड्यात आला असेल, तर मोटारीच्या भोंग्याला न बुजणारे ते जनावर माळावरच्या कडब्याच्या गंजीला किंवा म्हशीच्या कळपाला बुजू शकते. हा हट्ट नव्हे. त्याने ती वस्तू पूर्वी पाहिलेलीच नसते. अशा वेळी चाबूक मारला की गंज आणि मार या दोन गोष्टी त्याच्या मनात कायमच्या जोडल्या जातात. त्यास लांबून पाहू द्यावे, वास घेऊ द्यावा. एकटा घोडा खंगतो. पागेत दुसरा घोडा नसेल तर शेळीचीही सोबत त्यास चालते.

‘पैसे मोजून आणला, तो पंधरा दिवस बसवून का पोसावा?’ असा प्रश्न नेहमी विचारला जातो. पंधरा दिवसांची वैरण आणि पोटशूळावरील उपचार यांचा खर्च शेजारी मांडला तर उत्तर मिळेल. बांधून ठेवलेला घोडा बिघडतो, हा दुसरा आक्षेप मात्र खरा आहे, आणि तो मान्य केला पाहिजे. विश्रांती म्हणजे आगाडी-पिछाडी घालून कोपऱ्यात डांबणे नव्हे. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून, अंगात ताप नसल्यास, त्यास दोरीने धरून सकाळ-संध्याकाळ फिरवावे: आधी अंगणात, मग गल्लीत, मग ओढ्यापर्यंत. खरारा, चंदी व फिरविणे ही कामे शक्यतो एकाच माणसाने करावीत. नालबंदाकडून पाय पाहून घ्यावेत. खोगीर प्रथम हुंगू द्यावे, मग रिकामे चढवून फिरवावे, आणि ते अंगाला बोचत नाही याची खात्री झाल्यावरच कोणी बसावे. तेही घरातील जाणत्याने, चालीने, लगाम सैल ठेवून.

पशुधन पर्यवेक्षक आणि ग्रामपातळीवरील कार्यकर्ते यांना यात एक काम करता येण्यासारखे आहे. यात्रेला निघणाऱ्या खरेदीदाराची गाठ परत आल्यावर नव्हे, निघण्यापूर्वी घ्यावी. दाखला, लसीची नोंद आणि विक्रेत्याकडून आठ दिवस पुरेल इतका घोड्याच्या रोजच्या चाऱ्याचा भारा, या तीन गोष्टी मागून घेण्यास त्यास सांगावे. भाव ठरतानाच भाऱ्याची गोष्ट काढली तर बहुतेक विक्रेते नाही म्हणत नाहीत. पैसे हातात पडल्यावर काढली तर म्हणतात.