टोपीपुरती परवानगी

गेल्या मे महिन्यात आमच्या ओळखीतल्या एका मुलाची मुंज नॉर्थ कॅरोलायनातल्या मॉरिसविलच्या देवळात झाली. आजी-आजोबा खास पुण्याहून आले होते. आजोबांचा आग्रह, म्हणून नुसते चार केस कापून भागवलं नाही. रीतसर घेरा ठेवला, शेंडी ठेवली. शनिवारी मुंज झाली आणि सोमवारी शाळा होती. रविवारी रात्री पाचवीतलं ते पोर रडायला लागलं. टोपी घालून जावं, तर शाळेच्या नियमावलीत स्पष्ट लिहिलेलं की इमारतीत डोक्यावर काहीही चालणार नाही. त्याच्या आईने मला फोन केला आणि आम्ही दोघींनी मिळून मुख्याध्यापिकेला मेल लिहिला. धार्मिक संस्कार आहे, थोड्या दिवसांचा प्रश्न आहे, आपण समजून घ्याल अशी आशा आहे, अशी सगळी नम्र भाषा. सोमवारी सकाळी शाळेची बस यायच्या आत होकार आला.

त्या दिवशी मी खूश होते. आज त्या मेलचं मला वाईट वाटतं.

त्याच आठवड्यात माझ्या मुलीच्या शाळेत, आठवीच्या वर्गात, एका कृष्णवर्णीय मुलीला डोक्याला बांधलेलं कापड ऑफिसात जाऊन सोडायला लावलं. दोन्ही शाळांना नियम तोच, वाक्यसुद्धा तेच. मुलीने जेवताना सहज सांगितलं आणि माझा घास हातातच राहिला. आदल्याच रविवारी मी त्या वाक्यातून आपल्या मुलाला अलगद बाहेर काढलं होतं. वाक्य चुकीचं आहे, ते काढा, असं मी कुठेही लिहिलं नव्हतं.

आपल्या इथल्या मराठी मंडळात हा विषय निघाला की बहुतेक जण शाळेच्या बाजूने बोलतात. आम्ही गणवेशात वाढलो, आमचं काही बिघडलं नाही, असं ऐकू येतं. मीही गणवेशात वाढले. रत्नागिरी जिल्ह्यातली शाळा, पांढरा ब्लाउज, गडद निळा स्कर्ट, दोन वेण्या आणि त्यांना वर बांधलेल्या लाल रिबिनी. माझ्या बाकावर एका बाजूला वाड्यातली मुलगी बसायची, दुसऱ्या बाजूला मासे विकणाऱ्या बाईची. सगळ्या सारख्या दिसायचो असं म्हणणं खोटं होईल. एकीचा ब्लाउज नीळ घालून चमकायचा, दुसरीचा थोरल्या बहिणीचा उतरलेला, पिवळट पडलेला असायचा. तरी रोज सकाळी आज काय घालू हा प्रश्न त्या दुसरीला पडत नव्हता, आणि तिच्यासाठी ही मोठी गोष्ट होती. गणवेशाचं हे देणं मी मनापासून मानते.

पण त्याच शाळेतली आणखी एक आठवण आहे. आई शुक्रवारी माझ्या वेणीत अबोलीचा वळेसर माळायची. एका शुक्रवारी बाईंनी तो सगळ्या वर्गासमोर ओढून काढला आणि खिडकीबाहेर टाकला, कारण गणवेशाच्या यादीत फुलं नव्हती. सगळ्यांचा स्कर्ट सारखा असावा, याच्याशी त्या वळेसराचं काय भांडण होतं? घरी जाऊन मी आईला सांगितलं, फुलं वाटेत पडली.

शिवाय अमेरिकेतल्या बहुतेक सरकारी शाळांत गणवेश नाहीच, ड्रेस कोड आहे. कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचने १९९४ साली प्राथमिक आणि मिडल स्कूलला गणवेश सक्तीचा केला, १९९६ मध्ये अध्यक्ष क्लिंटन यांनी त्या कल्पनेची वाखाणणी केली, आणि काही शहरांनी तो मार्ग धरला. ड्रेस कोडची जात वेगळी. गणवेश काय घालायचं ते सांगतो. ड्रेस कोड काय घालू नये ते सांगतो, आणि मग कुणाचे खांदे मोजायचे, कुणाचे केस बघायचे, हे दारात उभ्या असलेल्या माणसाच्या हाती राहतं. माझ्या मुलीच्या नियमावलीत मुलींच्या कपड्यांवर जवळजवळ अर्धं पान आहे. मुलांसाठी पँट कमरेखाली घसरू नये एवढं एकच वाक्य.

या देशात शाळकरी मुलांनी अंगावरच्या कापडासाठी लढा दिला आहे. डिसेंबर १९६५ मध्ये आयोवातल्या डे मॉइन शहरात मेरी बेथ टिंकर, तिचा भाऊ जॉन आणि त्यांचा मित्र क्रिस्तोफर एकहार्ट दंडावर काळ्या फिती बांधून शाळेत गेले. व्हिएतनाममध्ये मेलेल्यांचा शोक आणि युद्धविरामाची मागणी, एवढाच त्या फितींचा अर्थ. मेरी बेथ तेरा वर्षांची होती. मुख्याध्यापकांनी दोनच दिवस आधी बैठक घेऊन काळ्या फितींवर बंदी घातली होती. मुलांना निलंबित केलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २४ फेब्रुवारी १९६९ रोजी सात विरुद्ध दोन अशा मतांनी मुलं जिंकली. शाळेच्या दारातून आत शिरताना विद्यार्थी आपला अभिव्यक्तीचा हक्क बाहेर ठेवून येत नाही, असं न्यायमूर्ती एब फोर्टास यांनी लिहिलं. कामकाजात खरोखर मोठा अडथळा येत असेल तरच शाळेने रोखावं, नुसत्या धास्तीपोटी नाही. त्यांनी आणखी एक गोष्ट टिपली. त्याच शाळांत मुलं निवडणुकीचे बिल्ले लावत होती, काही जण नाझींचं चिन्ह मानला जाणारा आयर्न क्रॉसही घालत होते. बंदी आली ती फक्त काळ्या फितीवर.

मात्र स्कर्टची लांबी, कपड्यांचा प्रकार, केशरचना हा या खटल्याचा विषय नाही, असंही त्याच निकालात म्हटलं आहे. ही फट आजवर पुरती बुजलेली नाही. टेक्सासमध्ये केसांच्या ठेवणीवरून भेदभाव करण्यास मनाई करणारा कायदा सप्टेंबर २०२३ मध्ये लागू झाला, आणि त्याच सुमारास ह्यूस्टनजवळच्या एका शाळेने जटांसारखे केस गुंफलेल्या कृष्णवर्णीय मुलाला महिनोन्‌महिने वर्गाबाहेर ठेवलं. कायद्यात लांबीबद्दल काही नाही, म्हणून फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यायाधीशांनी शाळेच्या बाजूने निकाल दिला. आमच्या घेरा ठेवलेल्या मुलाला मात्र टोपी मिळाली, याला त्याची मुंज जेवढी कारणीभूत होती, तेवढीच आमची इंग्रजी आणि आमच्याकडे बघण्याची शाळेची नजरही, असं मला आता वाटतं.

आपल्याच नॉर्थ कॅरोलायनात, विल्मिंग्टनजवळच्या लेलंडमध्ये, चार्टर डे स्कूल आहे. तिथे मुलींना पँट घालायची बंदी होती. शौर्य आणि स्त्रीदाक्षिण्य शिकवायचं म्हणून, असं संस्थापकांचं म्हणणं. मुलगी म्हणजे जपून ठेवायचं नाजूक भांडं, असाच त्यांचा सूर. मुलींचं म्हणणं साधं होतं. खाली बसताना, धावताना, थंडीत, सतत पायांकडे लक्ष ठेवावं लागतं. २०१६ मध्ये पालकांनी दावा लावला, जून २०२२ मध्ये चौथ्या सर्किटच्या अपील न्यायालयाच्या पूर्ण पीठाने तो नियम घटनाबाह्य ठरवला आणि पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने शाळेचं अपील ऐकायला नकार दिला. त्या पालकांनी आपल्या मुलीपुरती पँटची परवानगी मागितली नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

हाच प्रश्न मुंबईतही आला. चेंबूरच्या एका महाविद्यालयाने वर्गात हिजाब, टोपी, बिल्ले यांना मनाई केली. मुंबई उच्च न्यायालयाने हस्तक्षेप केला नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने ही मनाई स्थगित केली आणि विचारलं की मग कपाळावर टिळा लावणाऱ्यालाही येऊ देणार नाही का? (वर्गात बुरखा नको, हे मात्र कायम राहिलं.) परदेशात टोपीसाठी मेल लिहिणारे आपण, चेंबूरच्या मुलींच्या बाबतीत शाळा-कॉलेजाच्या बाजूने बोलतो. मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर मी ते वाचलं आहे आणि मला त्याचा त्रास झाला आहे.

गणवेश नकोच, असं मी म्हणत नाही. स्वस्त असावा, मुलगा-मुलगी दोघांना सारखा असावा, ज्याला परवडत नाही त्याला शाळेने द्यावा, आणि त्यात वळेसराला, काळ्या फितीला, कड्याला, डोक्यावरच्या कापडाला जागा असावी. असा गणवेश उद्या आणला तर मी त्याच्या बाजूने हात वर करीन. शिस्त बिघडेल या भीतीला उत्तर फोर्टास यांनी १९६९ मध्येच दिलं आहे: आधी बिघडलेलं दाखवा.

शाळा-जिल्ह्याच्या बोर्डाच्या सभेत कुणालाही नाव नोंदवून बोलता येतं, मिळतात ती थोडीच मिनिटं. मी नाव नोंदवलं आहे. मुंज झालेल्या मुलाची आईही येणार आहे. त्याचे केस आता कानांपर्यंत आले आहेत, टोपी कपाटात गेली आहे, आणि नियमावलीतलं ते वाक्य होतं तिथेच आहे. आणखी चार-पाच जण मागच्या खुर्च्यांत येऊन बसले तर आम्हाला बळ येईल.