फडताळांतील चित्रांकित चिनी भांडीं

जुन्या ब्राह्मणी घरांत चिनी मातीचें स्थान मोठें चमत्कारिक होतें. लोणच्याची बरणी सोंवळ्यांत चाले; पण त्याच मातीची, फुलें रंगविलेली ताटली पंक्तींत येत नसे. मातीचें भांडें एकदां उष्टें झालें कीं तें घांसून शुद्ध होत नाहीं, असा समज होता. चहाबरोबर कपबशी घरांत शिरली, तरी ती बहुधा माजघराबाहेरील फडताळांतच राहिली. आज तो निर्बंध उरला नाहीं. परंतु वाटणी होतांना किंवा वाडा पाडतांना तीच भांडीं प्रथम मोडीत निघतात. त्यांची योग्यता काय, हें म्हणूनच सांगावेंसें आम्हांस वाटतें.

खरें पोर्सेलिन म्हणजे केओलिन ही पांढरी माती आणि फेल्डस्पारयुक्त दगडाची पूड यांचें सुमारें 1300 अंश सेल्सिअसला भाजलेलें मिश्रण. विद्या मूळ चीनची. युरोपांत ती साधल्यावर 1710 सालीं जर्मनींतील मायसेन येथें कारखाना निघाला. पुढें 1738 त हर्क्युलेनियम व 1748 त पाँपेई हीं ज्वालामुखीखालीं गाडलेलीं रोमन नगरें खणूं लागले, आणि तेथील अभिरुचि पालटली. वळणावळणांच्या नक्षीऐवजीं सरळ रेषा, पानांच्या माळा व प्राचीन कलश ताटांच्या कांठांवर आले. डेन्मार्कच्या राजघराण्याकरितां 1790 त आरंभिलेल्या ‘फ्लोरा डॅनिका’ संचांत प्रत्येक पात्रावर ग्रंथांतील चित्रावरून एकेक वनस्पति हातानें रंगविली आहे. 1802 त काम थांबलें तेव्हां 1,802 पात्रें झालीं होतीं. त्यांतील बहुतेक योहान क्रिस्तोफ बायर या एकाच चित्रकाराच्या हातचीं.

आपल्याकडेंही याच्या जवळपासचा एक प्रयत्न झाला. मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेंत जॉर्ज टेरी यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत कुंभारकामास चालना दिली. त्याच शाळेचे विद्यार्थी जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखालीं 1872 ते 1885 या काळांत अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृति करीत होते. त्या चित्रांतील वेलबुट्टी मुंबईच्या कुंभांवर व थाळ्यांवर उतरली. तीं पोर्सेलिनचीं नव्हेत, झिलई दिलेल्या मातीचीं. परंतु पाँपेईनें युरोपच्या ताटांस जें दिलें, तेंच अजिंठ्यानें यांस दिलें. त्यांचे नमुने मुंबईच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयांत पाहावयास मिळतात. अजिंठ्याची डोंगररांग आमच्या बुलढाणा जिल्ह्यांतूनच जाते. आणि 1888 त खुद्द मेहकरांत जमिनीखालून शारंगधर बालाजीची मूर्ति निघाली. पुरलेली वस्तु उजेडांत आली म्हणजे लोकांची दृष्टि कशी बदलते, हें मेहकरकरांस वेगळें सांगावयास नको.

आतां गृहिणींकरितां दोन व्यवहाराच्या गोष्टी. भांडें हातानें रंगविलेलें कीं छापील, हें साध्या भिंगानें कळतें. छापील चित्रांत ठिपके किंवा रेघा एकसारख्या दिसतात. हाताच्या कामांत कुंचल्याचा ओघ दिसतो, रंग कोठें दाट कोठें पातळ असतो, आणि दोन पानें तंतोतंत सारखीं नसतात. सोनेरी कड राखेनें वा चिंचेनें घांसूं नये. कोमट पाण्यांत मऊ फडक्यानें धुवावी. जुन्या रंगांत व झिलईंत शिसें असण्याचा संभव असल्यामुळें अशा भांड्यांत आंबट किंवा कढत पदार्थ वाढूं नयेत. लहान मुलांस तर मुळींच नाहींत.

आणि वाटणीची वेळ आलीच, तर संच फोडूं नये. सहा बश्या एका भावाकडे व सहा दुसऱ्याकडे गेल्या, कीं संच म्हणून त्यांची किंमत जाते व आठवणही तुटते. तो एका घरीं राहावा, आणि सणावारीं सर्वांनीं तेथें जमावें. तळाची खूण उतरून घ्यावी. तें भांडें कोणीं, केव्हां, कोठून आणलें, हें घरांतील वडील माणसांस विचारून वहींत टिपून ठेवावें. रंगविणाऱ्याचें नांव बहुधा मिळणार नाहीं. निदान जपणाऱ्या आजीचें नांव तरी त्या वहींत असावें, अशी आमची वाचकांस विनंति आहे.