शिक्षा लेकीला की आईला?

क्षमा सावंत यांचा जन्म पुण्याचा, शिक्षण मुंबईचे, नागरिकत्व २०१० पासून अमेरिकेचे आणि आई बेंगळूरूत. सिएटलच्या या माजी नगरसेविकेला २०२४ मध्ये दोनदा भारताचा व्हिसा नाकारला गेला. २०२५ च्या सुरुवातीला ८२ वर्षांच्या आईची प्रकृती ढासळली, म्हणून त्यांनी आणि त्यांच्या अमेरिकन पतीने तातडीच्या व्हिसासाठी अर्ज केले. पतीला व्हिसा मिळाला, त्यांना नाही. आपले नाव नकार-यादीत असल्याचे तिथल्या भारतीय वकिलातीत सांगण्यात आले, असे सावंत सांगतात. कारण मात्र मिळाले नाही. म्हणजे आजारी सासूला भेटायला जावयाला दार उघडे, पोटच्या लेकीला बंद.

यावर पहिले उत्तर ठरलेले असते. परदेशी नागरिकाला देशात घ्यायचे की नाही, हा सार्वभौम राष्ट्राचा अधिकार आहे. कायदा म्हणून हे मला मान्य आहे. पण अधिकार आहे एवढ्याने त्याचा प्रत्येक वापर न्याय्य ठरत नाही. पर्यटकाला नकार मिळाला तर त्याची सहल बुडते. इथे जन्मलेल्या माणसाची आईची भेट बुडते, आणि नकार देणाऱ्याला हे पक्के ठाऊक असते. शिवाय या मंडळींना आपण एरवी परके मानतच नाही. दुहेरी नागरिकत्व देता येत नाही म्हणून २००५ मध्ये कायदा बदलून ‘ओसीआय’ची, म्हणजे आजीवन व्हिसाची, सोय केली. २०१७ चा प्रवासी भारतीय दिवस तर बेंगळूरूतच साजरा झाला. गुंतवणुकीच्या वेळी रक्ताचे नाते आणि टीकेच्या वेळी परका पासपोर्ट, हा व्यवहार प्रामाणिक नाही.

दुसरे उत्तर असे, की सावंत यांनी वकिलातीत गोंधळ घातला. त्या समर्थकांसह तिथे ठाण मांडून बसल्या आणि वकिलातीला पोलिसांना बोलवावे लागले, हे खरे. पण हे फेब्रुवारी २०२५ चे, नकार त्याआधीचे. आधीच्या शिक्षेला नंतरचा गुन्हा कारण कसा होईल? त्याआधी त्यांनी काय केले होते, तर २०२० मध्ये नागरिकत्व दुरुस्ती कायदा आणि नागरिक नोंदणीच्या विरोधात सिएटल नगर परिषदेत ठराव आणला आणि २०२३ मध्ये जातिभेदावर बंदी घालणारा कायदा तिथे संमत करून घेतला. हेच कारण, असे सरकारने म्हटलेले नाही. पण दुसरेही सांगितलेले नाही. सावंत यांचे समाजवादी राजकारण मला बरेचसे पटत नाही. त्याचा इथे काही संबंध नाही.

बेंगळूरूला हा अनुभव नवा नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये कर्नाटक सरकारच्या संविधानविषयक परिषदेचे निमंत्रण घेऊन लंडनच्या प्राध्यापक निताशा कौल केम्पेगौडा विमानतळावर उतरल्या आणि तिथूनच परत पाठवल्या गेल्या. पुढच्या वर्षी त्यांचे ओसीआय रद्द झाले. त्याआधी, २०२३ मध्ये, कन्नड अभिनेते चेतन यांचे ओसीआय रद्द झाले होते. कर्नाटक उच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली.

तिसरे उत्तर सर्वांत कच्चे, तरी वारंवार ऐकू येते: इतर देश तर परदेशात राहणाऱ्या आपल्या टीकाकारांचा जीव घेतात, आपण फक्त व्हिसा नाकारतो. २०१८ मध्ये इस्तंबूलच्या सौदी वकिलातीत पत्रकार जमाल खशोगींची जी हत्या झाली, तिला आपण आपले माप का मानावे? आपले माप आपल्याच न्यायालयांनी घालून दिले आहे. १९७७ मध्ये मेनका गांधींचा पासपोर्ट ‘जनहितार्थ’ जप्त झाला आणि कारणे द्यायला सरकारने नकार दिला. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये सांगितले, की कार्यपद्धती न्याय्य आणि वाजवी हवी, मनमानी नव्हे. स्वीडनमधील प्राध्यापक अशोक स्वाइन यांचे ओसीआय रद्द करणारा आदेश दिल्ली उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये रद्दबातल केला, कारण त्यात कारणेच नव्हती.

काळ्या याद्यांचे आणखी एक लक्षण आहे: यादी बनवणारे जातात, यादी राहते. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे गदर पक्षाचे क्रांतिकारक. इंग्रजांनी त्यांचे नाव काळ्या यादीत टाकले. मेक्सिकोत चापिंगोच्या कृषिविद्यालयात त्यांनी मक्यावर संशोधन केले, दिएगो रिव्हेराने त्यांना भित्तिचित्रात रोटी वाटताना रंगवले. देश स्वतंत्र झाल्यावर त्यांनी मायदेशी येण्यासाठी अर्ज केला, तर इंग्रजांच्या त्याच यादीमुळे स्वतंत्र भारताने आधी व्हिसा नाकारला! निर्णय पुढे फिरला आणि ते नागपूरला आले. २०२२ मध्ये आपल्या लोकसभा अध्यक्षांनी चापिंगोत त्यांच्या पुतळ्याचे अनावरण केले.

आता माझा पक्ष. परदेशातल्या टीकाकाराला तिथे हात लावता येत नाही, म्हणून त्याची इथली माणसे धरायची, ही या नकारांची खरी ताकद आहे. क्षमा सावंत अमेरिकेच्या नागरिक आहेत. बेंगळूरूची ती आई इथे, आपल्या सरकारच्या छत्राखाली राहते. मल्लेश्वरम, जयनगरमध्ये किंवा पुण्याच्या कोथरूडमध्ये मुले परदेशी असलेली घरे मोजायला गेलात तर गल्ली पुरणार नाही. रात्री-अपरात्री फोन वाजला की तिथे सगळे आधी विमानाचे तिकीट बघतात. त्या घरांतल्या म्हाताऱ्यांनी कुठला ठराव मांडला होता? सुरक्षेला खरा धोका असेल तर नकार द्यावा, पण लेखी आणि कारणासह. ठरलेल्या मुदतीत स्वतंत्र अधिकाऱ्याकडे अपील हवे. आणि आई-वडिलांचे गंभीर आजारपण किंवा अंत्यविधी असेल, तर अटी घालून, हवा तर पोलिसांत हजेरी लावायला सांगून, पंधरा दिवसांचा प्रवेश मिळालाच पाहिजे.