अंगणांतील सदाफुली

नांदेड-लातूरकडे ज्याच्या अंगणांत सदाफुली नाहीं असें घर विरळा. विहिरीच्या कडेला, देवळाच्या पायरीपाशीं, चर्चच्या कुंपणालगत ती आपोआप उगवते आणि वैशाखाच्या उन्हांत इतर झाडें माना टाकितात तेव्हांही फुललेली असते. या साध्या झाडाविषयीं विद्यार्थ्यांशीं व त्यांच्या पालकांशीं चार शब्द बोलावे असें आम्हांस वाटतें, व त्यास कारणही तसेंच घडलें आहे.

आमच्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांस मधुमेह होता. डॉक्टरांनीं दिलेल्या मेटफॉर्मिनच्या गोळ्या ते नियमानें घेत. पुढें कोणा आप्तानें त्यांस सांगितलें कीं, गोळी म्हणजे रसायन, तें शरीर पोखरतें. त्यापेक्षां रोज सकाळीं सदाफुलीचीं चार पानें चावावीं. त्यांनीं गोळ्या सोडल्या. वर्षाच्या आंत पायाची जखम चिघळली व पाऊल कापावें लागलें. मुलाचें तें वर्ष वर्गांत जाण्याऐवजीं बापाच्या खाटेशेजारीं गेलें. या गृहस्थांस आम्ही मूर्ख म्हणणार नाहीं. लहानपणीं तापांत गुळवेलीचा काढा आम्हींही निमूटपणें प्यालों आहों. प्रश्न विश्वासाचा नाहीं, पारखेचा आहे.

सदाफुलीचीच हकीकत पाहा. वेस्ट इंडीजमधील जमैका बेटांतही लोक मधुमेहावर तिचा काढा घेत. तें ऐकून कॅनडांतील रॉबर्ट नोबल व चार्ल्स बीअर या संशोधकांनीं पानांचा अर्क उंदरांस देऊन पाहिला. साखर म्हणण्यासारखी उतरली नाहीं. मात्र रक्तांतील पांढऱ्या पेशी झपाट्यानें घटल्या. दुसरा कोणी असता तर प्रयोग फसला म्हणून उठला असता. यांनीं विचार केला कीं, ज्या रोगांत पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात त्यावर हें द्रव्य चालेल काय? इ. स. १९५८ मध्यें त्यांनीं व्हिनब्लास्टीन हें द्रव्य वेगळें केल्याचें प्रसिद्ध केलें. त्याचेंच भावंड व्हिन्क्रिस्टीन आज मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर इतर औषधांबरोबर दिलें जातें. पुढें कांहीं प्रयोगशाळांत या अर्कानें प्राण्यांची साखर उतरल्याचेंही नमूद झालें; परंतु उंदीर म्हणजे माणूस नव्हे. आणि ज्या पानांत पेशी मारणारीं द्रव्यें आहेत, तें मोजमापाशिवाय रोज चावणें निर्धोक कसें म्हणावें?

आतां त्या टाकून दिलेल्या गोळीची कुळकथा ऐका. युरोपांत गॅलेगा नांवाचें एक झुडूप आहे. त्यांतील द्रव्य साखर उतरवितें, पण तें विषारी ठरलें. त्याच्याच जातीचें, पण माणसास सोसेल असें द्रव्य रसायनशास्त्रज्ञांनीं तयार केलें, व १९५७ सालीं फ्रान्सचे डॉक्टर जीन स्टर्न यांनीं तें मधुमेह्यांस दिल्याचें प्रसिद्ध केलें. तेंच मेटफॉर्मिन. म्हणजे त्या गृहस्थांनीं रसायन टाकून झाडपाला घेतला असें झालें नाहीं. पारखलेला झाडपाला टाकून त्यांनीं न पारखलेला घेतला.

हें काम परदेशींच होतें असें कोणीं समजूं नये. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनीं आपल्या वैद्यांच्या सर्पगंधेची मुळी रक्तदाबाच्या ५० रोग्यांस देऊन, प्रत्येकाची नोंद ठेवून, १९४९ सालीं तो वृत्तांत ब्रिटनच्या हृदयरोगविषयक नियतकालिकांत छापिला. जगाचें लक्ष तिकडे वळलें, व १९५२ सालीं स्वित्झर्लंडांत त्या मुळींतून रेसर्पिन वेगळें काढण्यांत आलें. पुढें त्याचे दोषही, विशेषतः मनास येणारी खिन्नता, ध्यानांत आले व निर्धोक औषधें निघाल्यावर तें मागें पडलें. गुण कळले तेही नोंदींमुळें, दोष कळले तेही नोंदींमुळेंच.

लातूर पॅटर्नचें नांव आज महाराष्ट्रभर झालें आहे. वैद्यकीय प्रवेशपरीक्षेसाठीं गांवोगांवचीं मुलें लातूर-नांदेडला येऊन राहतात. आपलें मूल डॉक्टर व्हावें ही पालकांची आशा रास्त आहे. परंतु सर्वच औषध देणारे झाले तर औषध पारखणारे कोठून यावे? १९९४ सालीं नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झालें. जीवशास्त्र व रसायनशास्त्र यांचा उच्च अभ्यास आतां आपल्या दारीं होतो. एखाद्या मुलानें ती वाट धरिली तर घरच्यांनीं नाक मुरडूं नये.

पालकांस आमची विनंती इतकीच कीं, चालू औषध डॉक्टरांस विचारल्याशिवाय बंद करूं नका. आणि घरीं कांहीं काढा घेत असाल तर तोही त्यांच्यापासून लपवूं नका. विद्यार्थ्यांनीं आजीला विचारून तिला ठाऊक असलेल्या वनस्पतींची यादी करावी: नांव, कोणता भाग, कोणत्या रोगावर. ती खरी कीं खोटी हें लगेच ठरवूं नये. प्रेषित पौलानें थेस्सलनीकाच्या मंडळीस सर्व गोष्टी पारखून पाहण्याचा उपदेश केला, तो या यादीसही लागू आहे.

अंगणांतील सदाफुली फुलत राहो. तिचें पान तोंडांत घालण्यापूर्वीं तें पारखून पाहण्याची संवय मात्र आमच्या मुलांस लागो.