डॉक्टरांच्या पाटीवरची अक्षरे

'छाती व निद्राविकार तज्ज्ञ' ही पाटी आता जबलपूरसारख्या शहरातही दिसू लागली आहे. ती वाचून पुष्कळांना नवल वाटते. छातीचा आणि झोपेचा संबंध काय? आणि घोरण्यासाठी का कुणी डॉक्टरकडे जाते?

संबंध श्वासाचा आहे. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. काहींचा श्वासमार्ग त्यामुळे पार मिटतो. छाती धडपडते, पण हवा आत जात नाही. रक्तातला प्राणवायू घटतो, मेंदू दचकून जागा होतो आणि मोठ्याने घोरत श्वास पुन्हा सुरू होतो. निदान १० सेकंदांचे असे अडथळे तासाला ३० किंवा त्याहून अधिक वेळा येत असतील, तर विकार तीव्र मानला जातो. रोग्याला सकाळी काही आठवत नाही. रात्रभर घाबरून जागी राहते ती त्याची पत्नी.

एके काळी छातीचा डॉक्टर म्हणजे क्षयाचा डॉक्टर. विडीच्या धंद्यासाठी प्रसिद्ध असलेल्या जबलपुरात तर क्षय, दमा आणि धुराने जर्जर झालेली फुप्फुसे हेच त्याचे रोजचे काम. येथील नेताजी सुभाषचंद्र बोस मेडिकल कॉलेज १९५५ साली सुरू झाले. आज श्वसनरोगांसाठी त्याच्याशी जोडलेली 'स्कूल ऑफ एक्सलन्स इन पल्मोनरी मेडिसीन' ही वेगळी संस्था आहे. झोपेच्या विकाराला मात्र नवी दिशा मिळाली ती १९८१ साली. ऑस्ट्रेलियाचे डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी नाकावाटे हवेचा हलका दाब देऊन मिटणारा श्वासमार्ग उघडा ठेवता येतो, हे दाखवून दिले. तेच आजचे 'सीपॅप' यंत्र. श्वास आणि यंत्र दोन्ही छातीच्या डॉक्टरांच्या ओळखीचे, म्हणून हे रोगीही त्यांच्याकडे येऊ लागले.

आता पाटीवरची अक्षरे पाहू. एम.बी.बी.एस.ला इंटर्नशिपसह साडेपाच वर्षे लागतात. पुढे छातीरोगात एम.डी. करायला ३ वर्षे. जुन्या पाट्यांवर 'डी.टी.सी.डी.' दिसते, ती क्षय व छातीरोगांची पदविका. ज्यांच्या नावापुढे 'डी.एम.' आहे, त्यांनी एम.डी.नंतर आणखी ३ वर्षे दिलेली असतात. म्हणजे बारावीनंतर साडेअकरा वर्षे! डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक दवाखान्यात आणि औषधाच्या चिठ्ठीवर असावा, असा नियम आहे. तो पाहण्यात संकोच कसला?

पदवीबरोबर अनुभवही विचारावा. झोपेची तपासणी रात्रभर होते का? तिचा अहवाल डॉक्टर स्वतः वाचतात का? यंत्राचा दाब कसा ठरवतात? नीट शिकलेला डॉक्टर अशा प्रश्नांनी रागावत नाही. तपासणीआधीच यंत्र विकू पाहणाऱ्यापासून मात्र सावध राहा.

घरात कोणी जोराने घोरत असेल, मध्येच त्याचा श्वास थांबत असेल, सकाळी डोके दुखत असेल, दिवसा बसल्या जागी डुलकी लागत असेल किंवा गोळ्या घेऊनही रक्तदाब आटोक्यात येत नसेल, तर 'दमून गाढ झोपलेत' म्हणून सोडून देऊ नका. मनाने झोपेच्या गोळ्या देऊ नका; त्यांनी श्वासमार्ग अधिकच सैलावू शकतो. दारूचेही तेच. विशेषतः वाहन चालवणाऱ्यांनी जपायला हवे. जबलपूर-नागपूर रस्त्यावर स्टिअरिंगमागे लागलेली एक डुलकी दोन घरे उद्ध्वस्त करू शकते.

डॉक्टरांकडे जाताना पत्नीने वा आईनेही सोबत जावे. श्वास कितीदा थांबतो, हे तिलाच सांगता येईल.