किशोर क्रिकेटपटूंची अकाली व्यावसायिकता

शालेय किंवा वयोगट स्पर्धांतील कामगिरीमुळे अत्यंत गुणवान मानला गेलेला खेळाडू प्रौढ क्रिकेटमध्ये पुरेसा मुरण्यापूर्वीच मोठ्या रकमेच्या व्यावसायिक करारात प्रवेश करतो आणि पुढे त्या अपेक्षेला उतरत नाही, अशा घटनांना किशोर क्रिकेटपटूंची अकाली व्यावसायिकता असे म्हणता येते. महाराष्ट्रात हा प्रश्न प्रामुख्याने मुंबईच्या शालेय क्रिकेटच्या संदर्भात चर्चिला जातो. इंडियन प्रीमियर लीगच्या (आयपीएल) लिलावांमुळे मात्र तो वाशिम जिल्ह्यातील मालेगावसारख्या तालुक्याच्या ठिकाणांपर्यंतही पोहोचला आहे.

अमेरिकेतील समांतर प्रश्न

या प्रश्नाचे सर्वाधिक परिचित रूप अमेरिकी महाविद्यालयीन बास्केटबॉलमध्ये आढळते. तेथील व्यावसायिक संघटना एनबीएने २००६ च्या निवड प्रक्रियेपासून अशी अट घातली की, खेळाडूने वयाची १९ वर्षे गाठलेली असावीत आणि माध्यमिक शाळा सोडून किमान एक वर्ष झालेले असावे. परिणामी अनेक नामांकित खेळाडू महाविद्यालयात एकच वर्ष खेळून बाहेर पडू लागले. हैतीमध्ये जन्मलेला स्कॅल लाबिसिएर हा २०१५ मध्ये केंटकी विद्यापीठात दाखल झाला, तेव्हा त्याची गणना देशातील अव्वल नवोदितांमध्ये होत होती. त्या हंगामात त्याची सरासरी प्रतिसामना ६.६ गुणांवरच राहिली. तरीही त्याने व्यावसायिक निवडीसाठी नाव नोंदवले आणि २०१६ मध्ये तो २८ व्या क्रमांकावर निवडला गेला. वर्षभर थांबून खेळ सुधारण्यापेक्षा लौकिक पूर्ण ओसरण्याआधी करार पदरात पाडून घेणे अधिक सुरक्षित, हा त्यामागील हिशेब अविचारी म्हणता येत नाही.

भारतीय क्रिकेटची रचना एका महत्त्वाच्या बाबतीत वेगळी आहे. अमेरिकी खेळाडूला व्यावसायिक झाल्यावर सहसा महाविद्यालयीन संघात परतता येत नाही. भारतीय खेळाडू आयपीएलच्या कराराबरोबरच रणजी करंडकात खेळू शकतो. परतीची वाट येथे बंद होत नाही, परंतु त्या वाटेवर घालवायचा वेळ कमी होतो.

मुंबईची शालेय परंपरा

मुंबईत हॅरिस शील्ड व जाइल्स शील्ड या आंतरशालेय स्पर्धांतील धावसंख्येवरून भावी कसोटीपटू ओळखण्याची सवय आयपीएलच्या फार पूर्वीची आहे. फेब्रुवारी १९८८ मध्ये शारदाश्रम विद्यामंदिराच्या विनोद कांबळी (नाबाद ३४९) आणि सचिन तेंडुलकर (नाबाद ३२६) यांनी ६६४ धावांची अभेद्य भागीदारी केली. कांबळीने १७ कसोटींत ५४.२० च्या सरासरीने १,०८४ धावा केल्या. ही कामगिरी अपयशाची नव्हे, तरीही शेवटची कसोटी खेळला तेव्हा तो अवघा २३ वर्षांचा होता. भागीदारीतील दुसऱ्या नावामुळे त्याची कारकीर्द कायम तुलनेत मोजली गेली.

जानेवारी २०१६ मध्ये कल्याण येथे प्रणव धनावडेने भंडारी चषक स्पर्धेत नाबाद १,००९ धावा केल्या आणि १८९९ पासून टिकून असलेला ए. ई. जे. कॉलिन्सचा नाबाद ६२८ धावांचा विक्रम मोडला. मुंबई क्रिकेट असोसिएशनने त्याला पाच वर्षांसाठी दरमहा १०,००० रुपयांची शिष्यवृत्ती जाहीर केली. पुढील वर्षी कामगिरी समाधानकारक नसल्याचे कारण देऊन त्याच्या कुटुंबाने ती स्वतःहून परत केली. येथे व्यावसायिक करार नव्हता, केवळ प्रसिद्धी होती, आणि तिचे ओझेही पुरेसे ठरले. अशा धावसंख्या अनेकदा अतिशय दुबळ्या प्रतिस्पर्ध्यांविरुद्ध उभ्या राहतात, ही गोष्ट बातम्यांच्या मथळ्यांत सहसा येत नाही.

२०१८ चा युवा संघ

न्यूझीलंडमध्ये झालेला २०१८ चा १९ वर्षांखालील विश्वचषक हा या विषयातील सर्वांत बोलका पुरावा आहे. स्पर्धा सुरू असतानाच, २७ व २८ जानेवारी रोजी, बंगळूर येथे आयपीएलचा लिलाव झाला. अंतिम सामना ३ फेब्रुवारीला होता. म्हणजेच अंतिम सामन्यापूर्वीच या मुलांच्या किमती ठरल्या होत्या. वेगवान गोलंदाज कमलेश नागरकोटीला ३.२ कोटी, शिवम मावीला ३ कोटी, शुभमन गिलला १.८ कोटी आणि कर्णधार पृथ्वी शॉला १.२ कोटी रुपये मिळाले. अर्शदीप सिंग याच संघात होता, पण त्याला मोजकेच सामने मिळाले होते. तो करारबद्ध झाला तो २०१९ च्या हंगामासाठी, २० लाख रुपयांत.

पुढे सर्वाधिक किंमत मिळालेला नागरकोटी दुखापतींमुळे आयपीएलचे पहिले दोन हंगाम खेळूच शकला नाही. मावीची वाटचालही दुखापतींनी अडखळली. गिल मे २०२५ मध्ये भारताचा कसोटी कर्णधार झाला, तर अर्शदीप आंतरराष्ट्रीय टी-२० सामन्यांत १०० बळी घेणारा पहिला भारतीय ठरला. लिलावातील क्रम आणि कारकिर्दीतील क्रम यांचा मेळ येथे जवळजवळ उलटा आहे. अर्थात एका संघावरून नियम सिद्ध होत नाही. तथापि, किंमत ही आशेची मोजणी असते, कर्तृत्वाची नव्हे, इतके यातून निश्चित दिसते.

पृथ्वी शॉ

विरारमध्ये वाढलेल्या पृथ्वी शॉने नोव्हेंबर २०१३ मध्ये, वयाच्या १४ व्या वर्षी, रिझवी स्प्रिंगफील्ड शाळेकडून हॅरिस शील्डमध्ये ५४६ धावा केल्या. रणजी आणि दुलीप करंडकातील पदार्पणातही त्याने शतके झळकावली. ऑक्टोबर २०१८ मध्ये राजकोट येथे वेस्ट इंडीजविरुद्ध १३४ धावा करून तो कसोटी पदार्पणात शतक करणारा सर्वांत तरुण भारतीय ठरला. त्यामुळे त्याला ‘तयारीविना वर ढकललेला खेळाडू’ म्हणणे वस्तुस्थितीला धरून नाही. त्याने प्रत्येक पायरीवर धावा केल्या होत्या. फक्त या पायऱ्या त्याने फार थोड्या महिन्यांत ओलांडल्या.

उतार तितकाच वेगवान होता. नोव्हेंबर २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियात घोट्याला दुखापत झाली. जुलै २०१९ मध्ये खोकल्याच्या औषधातील टर्ब्युटालीन या प्रतिबंधित घटकामुळे त्याच्यावर आठ महिन्यांची बंदी आली. डिसेंबर २०२० च्या ॲडलेड कसोटीत तो ० व ४ धावांवर बाद झाला आणि त्यानंतर कसोटी सामना खेळला नाही. पाच कसोटींत त्याच्या नावावर ३३९ धावा आहेत.

यानंतरचा काळ सरळ घसरणीचा नाही, आणि म्हणूनच तो अभ्यासण्याजोगा आहे. २०२०-२१ च्या विजय हजारे करंडकात त्याने ८२७ धावा केल्या. जानेवारी २०२३ मध्ये आसामविरुद्ध त्याने ३७९ धावांची खेळी केली. रणजी इतिहासात भाऊसाहेब निंबाळकरांच्या नाबाद ४४३ नंतरची ती सर्वोच्च वैयक्तिक धावसंख्या होय. दिल्ली कॅपिटल्सने २०२२ च्या हंगामापूर्वी त्याला ७.५ कोटी रुपयांना कायम ठेवले होते. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या रणजी संघातून त्याला वगळण्यात आले, तेव्हा तंदुरुस्तीचा प्रश्न जाहीरपणे चर्चिला गेला. पुढच्याच महिन्यातील लिलावात ७५ लाखांच्या मूळ किमतीलाही त्याच्यावर बोली लागली नाही. २०२५ मध्ये तो महाराष्ट्र संघाकडे गेला आणि ऑक्टोबरमध्ये चंडीगडविरुद्ध २२२ धावा केल्या. गुणवत्ता संपली होती, असे ही आकडेवारी सांगत नाही. ती टिकवणारी दिनचर्या विशीच्या आत, प्रसिद्धीच्या भरात घडायला हवी होती, असा निष्कर्ष त्यातून अधिक सयुक्तिक ठरतो.

आर्थिक कारणे

रणजी करंडकात २० पेक्षा कमी सामने खेळलेल्या खेळाडूस २०२१ पासून प्रतिदिन ४०,००० रुपये मानधन मिळते. चार दिवसांच्या सामन्याचे १.६ लाख याप्रमाणे सात साखळी सामन्यांचे ११.२ लाख रुपये होतात. तेही प्रत्येक सामन्यात अंतिम अकरांत स्थान मिळाले तरच. याउलट २०२५ च्या हंगामापासून आयपीएल लिलावातील किमान मूळ किंमत ३० लाख रुपये आहे आणि प्रत्यक्ष खेळल्यास प्रतिसामना ७.५ लाख रुपयांचे वेगळे मानधन आहे. लांब पल्ल्याच्या क्रिकेटमध्ये तीन-चार वर्षे मुरण्याचा सल्ला योग्य असला, तरी त्याची किंमत खेळाडूच्या कुटुंबालाच मोजावी लागते.

पश्चिम विदर्भातील स्थिती

मालेगाव हे वाशिम जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण असून १९९८ मध्ये वाशिम स्वतंत्र जिल्हा होईपर्यंत ते अकोला जिल्ह्यात होते. क्रिकेटच्या दृष्टीने हा भाग नागपूर येथील विदर्भ क्रिकेट असोसिएशनच्या कक्षेत येतो. मुंबईसारखी गजबजलेली शालेय स्पर्धा आणि तिच्याकडे डोळे लावून बसलेली वृत्तपत्रे या भागात नाहीत. ही मोठी उणीव आहे, कारण कित्येक मुले कोणाच्या नजरेस पडतच नाहीत. जी पडतात, त्यांच्यावर मात्र चौदाव्या वर्षी ‘भावी तेंडुलकर’ असा शिक्का बसत नाही.

अकोल्याचा अथर्व तायडे हा शॉच्याच पिढीचा. २०१७-१८ च्या कूचबिहार करंडकाच्या अंतिम सामन्यात त्याने विदर्भाच्या युवा संघाकडून ३२० धावा केल्या. त्यानंतरही त्याची वाटचाल प्रामुख्याने रणजी संघातून झाली आणि आयपीएलचा पहिला करार २०२२ मध्ये, २० लाखांना झाला. अमरावतीचा जितेश शर्मा २०१६ व २०१७ मध्ये मुंबई इंडियन्सच्या ताफ्यात होता, पण एकही सामना खेळला नाही. आंतरराष्ट्रीय पदार्पण त्याने २०२३ मध्ये, तिशीच्या उंबरठ्यावर केले. २०२५ मध्ये आयपीएल जिंकणाऱ्या बंगळूर संघाने त्याला ११ कोटी रुपयांना घेतले होते. याच काळात विदर्भाने २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५ असे तीन वेळा रणजी विजेतेपद मिळवले. उशिरा प्रकाशात येणे हा या खेळाडूंचा निर्णय नव्हता, संधीचा अभाव होता. तरी त्यातून मिळालेला अवधी त्यांच्या कामी आला.

सद्यस्थिती

एका खेळाडूला एकच १९ वर्षांखालील विश्वचषक खेळता येईल, असा निर्णय भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने २०१६ मध्ये घेतला. वयोगट क्रिकेटमध्येच रेंगाळू न देता मुलांना प्रौढ क्रिकेटकडे नेणे हा त्यामागील विचार होता. लिलावाला मात्र त्याने आळा बसला नाही. बिहारच्या वैभव सूर्यवंशीला १३ व्या वर्षी १.१० कोटींचा करार मिळाला आणि एप्रिल २०२५ मध्ये त्याने ३५ चेंडूंत शतक केले. विरारच्याच आयुष म्हात्रेने १७ व्या वर्षी चेन्नई सुपर किंग्जकडून पदार्पण केले. त्याआधी त्याच्या खात्यात मुंबईकडून एक रणजी हंगाम होता. डिसेंबर २०२५ च्या लिलावात चेन्नईनेच प्रशांत वीर आणि कार्तिक शर्मा या आंतरराष्ट्रीय सामना न खेळलेल्या दोन तरुणांना प्रत्येकी १४.२० कोटी रुपये दिले. त्याच लिलावाच्या अखेरच्या टप्प्यात २६ वर्षांच्या पृथ्वी शॉला दिल्लीने ७५ लाखांच्या मूळ किमतीला पुन्हा संघात घेतले.